पेन्सिलीतला भाव

“तुम्हाला जुन्याच भावानं लावतो,” दुकानदार हळूच म्हणाले आणि तेलाच्या पिशवीवर ठेवलेला माझा हात तसाच राहिला. माझ्या पुढच्या बाईंनी हीच सूर्यफुलाची पिशवी एकशे अठ्ठ्याण्णवला नेली होती. पैसे देताना त्यांनी रशियापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला होता आणि दुकानदारही त्यात आनंदानं सामील झाले होते. माझी पाळी आली तसा त्यांनी आवाज खाली आणला. एकशे पासष्ट. माझे वडील, अण्णा, गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. मी पंधरा-सोळा दिवस गल्लीत दिसले नव्हते. आठ वर्षं मी पुण्यात या एकाच दुकानातून सामान नेते, पण आमच्यात वाणी आणि गिऱ्हाईक यापलीकडे बोलणं नाही. त्यांना दोन शब्द बोलायचे होते आणि त्यांच्या हाताशी तेवढंच होतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मी “राहू द्या, नंतर नेते,” असं काहीतरी पुटपुटले आणि रिकाम्या हातानं बाहेर आले. बाहेर एप्रिलचं पांढरं ऊन होतं. छातीत काहीतरी हललं. रडू नव्हतं ते, अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी.

भाव हेच माझं काम आहे. मी ज्या संस्थेत नोकरी करते तिथे आम्ही एवढंच मोजतो, की जगाच्या बाजारात गहू, मका, तेल महागलं म्हणजे कुठल्या देशात महागाई किती वाढते आणि किती दिवसांनी. माझ्यासमोर एक तक्ता कायम उघडा असतो. डाव्या बाजूला देशांची नावं आणि उजवीकडे प्रत्येकासमोर एक आकडा, माणसाच्या खर्चातल्या शंभर रुपयांतले किती पोटापाण्याकडे जातात त्याचा. नॉर्वेत बारा-तेरा. इथिओपियात पन्नासच्या पुढे. आपल्या खेड्यांतही पन्नासच्या पुढेच. काळ्या समुद्रात जहाजं अडकली की धक्का सगळ्यांना एकच बसतो, पण ऑस्लोतल्या बाईला तो बातम्यांत कळतो आणि कैरोतल्या बाईला हातातल्या रोटीच्या आकारात. या आकड्याला आम्ही भार म्हणतो. एकदा सुटीत मी हे अण्णांना समजावून सांगत होते. ते नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून, एक पाय दुमडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी तांड्यावरल्या मानसांचा भार सगळ्यांत जास्त. आन् तीच वाळलेली.” मी हसले. ते हसले नाहीत.

आमचं गाव घाटनांदूरच्या पलीकडे, दोन कोसांवर. अण्णा तिथे टपालाचे मास्तर होते. गावचं टपाल म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, शिक्का, पत्रं तोलायचा छोटा काटा आणि लाखेचा वास. त्या वासात मी लहानाची मोठी झाले. अजूनही कुठे कागद जळाल्याचा वास आला की मला आधी अण्णांची बोटं आठवतात. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत, दोन हजार अकरापासून, त्यांच्याकडे आणखी एक काम आलं. महिन्यातून एकदा ठरलेल्या दुकानात जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे, एका लांबलचक कागदावर भरायचे आणि वर पाठवायचे. देशातल्या हजारभर गावांत आमचं गाव निवडलं गेलं होतं. त्या रात्री फोनवर त्यांचा आवाज लग्न जमलेल्या घरातल्यासारखा होता. “आता तुझ्या आकड्यात आपलं गाव हाय, माय,” ते म्हणाले. भावाच्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून निघत. दुकान काही लांब नव्हतं, चावडीच्या अलीकडे, सेवा सोसायटीचं. सोसायटीच्या पंचांनी त्यावर आश्रुबाला बसवलं होतं.

हेच दुकान, म्हणजे तेव्हा नुसतं पत्र्याचं गोदाम, अण्णांनी स्वतः चालवलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात. बाविशीचं पोर, शिकलेलं म्हणून सोसायटीनं काट्यावर उभं केलेलं. विहिरी आटल्या होत्या, अर्धं गाव खडी फोडायला रस्त्यावर, आणि एक दिवस अमेरिकेची तांबडी जवारी आली. बाया ती हातात घेऊन वास घेत. तिकडं ही डुकरं खातात, असं कुणीतरी सांगितलं होतं. भाकरी थापायला गेलं की फुटायची. तिकडे रशियानं अमेरिकेचा गहू भरभरून उचलला आणि साऱ्या जगात धान्याचे भाव दुपटीच्या घरात गेले, हे मी पुढे पुस्तकात वाचलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना राग आला नाही, उलट एखादी जुनी शंका फिटल्यासारखं झालं. “तरीच,” ते म्हणाले, “पुढली गाडी येती येती म्हनली आन् आलीच न्हाई.” त्या दिवसांत गोदामापुढच्या ओळीत अगदी शेवटी साखराबाई उभी असायची, आश्रुबाची आई. तिचा नंबर येईपर्यंत पोतं संपलेलं असे. अण्णा मग पोतं उलटं करत, शिवणीशिवणीतून दाणे काढत, झटकत, आणि जे निघेल ते तिच्या पदरात घालत. कधी ओंजळभर, कधी दीड. आश्रुबा तेव्हा पाच-सहा वर्षांचा, आईच्या लुगड्याला धरून.

यातलं कशाचंही मला दोन हजार तेरापर्यंत महत्त्व वाटलं नव्हतं. त्या वर्षी मे महिन्यात मी आठवडाभर गावी होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि अण्णा हातानं करून खात होते. पाऊस आदल्या साली गेला तो गेलाच होता. टँकर एक दिवसाआड यायचा, जनावरं छावणीवर होती, ऊसच नाही म्हणून कारखाने लवकर बंद झाले आणि तोडीला गेलेली माणसं वेळेआधीच परतली होती. दुपारची वेळ. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता म्हणून ते टिपलेले भाव डोळ्याजवळ धरून सांगत होते आणि मी तो लांब कागद भरत होते. उंबऱ्यात छबुबाई येऊन टेकली. आमच्या मागच्या गल्लीतली, सहा महिने नगरकडे ऊस तोडून आलेली. टँकरवरून जाताना हंडा आमच्या ओट्यावर उतरवून दोन घटका बसायचा तिचा रिवाज होता.

“जवारी, मध्यम. किलो. बावीस,” अण्णांनी सांगितलं.

“किती?” छबुबाईनं विचारलं.

“बावीस.”

“मास्तर, ह्या भावानं मला बी धा किलो आनून द्या की. मला काल अठ्ठावीसनं दिली आश्रुबानं.”

“दुसरी आसंल ती. भारीतली.”

“भारी कुठली, खडेच खडे! तीच की, दाराजवळल्या पोत्यातली. आन् तेल किती लिवलं?”

अण्णांनी चिठोरी डोळ्याजवळ नेली. “सोयाबीनचं, सत्त्याहत्तर.”

“आगं बया!” छबुबाई माझ्याकडे बघून पदर तोंडाशी धरून हसू लागली. “बाई, तुझ्या बापाचं गाव येगळंच हाय की! मला नव्वदनं देतो त्यो. मास्तर, मला बी ऱ्हायला न्या त्या गावात.”

मीही हसले. अण्णांनी चष्मा काढला. “छबे, खरं बोल.”

“खोटं कावून बोलू? तुमाला कोन खरा भाव सांगंल, मास्तर? तुमी दुकानात पाय ठिवला की आश्रुबा आधी बाकडं पुसतो, मग बोलतो. साऱ्या गावाला ठाव हाय. तुमालाच न्हाई.”

हंडा डोक्यावर घेऊन ती गेली, जाताना तिच्या पाठीवर सांडलेल्या पाण्याचा पट्टा मला अजून दिसतो. अण्णा चष्म्याच्या काड्या उघडत होते, मिटत होते. आश्रुबानं वजनात मारलं असतं, भाव चढवून सांगितला असता, तर ते जाऊन भांडले असते. त्यांच्यात तेवढी धमक होती. पण हा माणूस त्यांना दोन वर्षं भाव उतरवून सांगत होता. मास्तर घरासाठीच विचारतात, कागदाचं निमित्त करतात, असं त्याला वाटत असणार. कागद कुठं जातो ते त्याला ठाऊक नव्हतं. साखराबाईच्या पदरातली ओंजळ तो आपल्या रीतीनं परत करत होता, आणि तीच ओंजळ दर महिन्याला सरकारी पाकिटातून दिल्लीला जात होती. संध्याकाळी ताट पुढ्यात आल्यावर अण्णा एकदम म्हणाले, “तिकडं अमेरिकेत बी पाऊस न्हाई म्हनली हुतीस ना तू?” मी म्हटलं, हो, गेल्या उन्हाळ्यात त्यांचाही मका आणि सोयाबीन जळालं, म्हणून तर जगात तेल चढलंय. ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले. “म्हंजी तेल तिकडल्या दुष्काळानं चढलं आन् जवारी हितल्या. छबीवर दोनी दुष्काळ आले. आन् मी लिवलं, काई झालं न्हाई.”

मी तो कागद फाडून नवा भरू या म्हटलं. त्यांनी मान हलवली. ज्या दुकानाचा भाव ते दुकान ठरलेलं होतं आणि तिथे त्यांना दुसरा भाव कुणी सांगणार नव्हतं. आश्रुबाला विचारायचं, तर त्याच्या तोंडावर त्याची माया फेकून मारल्यासारखं होईल. तो कागद तसाच गेला. पुढे केव्हातरी फोनवर ते म्हणाले की आता छबुबाईला विचारून लिहितो, ती घरचं सामान त्याच दुकानातून आणते. मी “बरं केलंत” म्हटलं आणि माझ्या कामाला लागले. त्या वर्षी मी पहिल्यांदा परदेशात निबंध वाचणार होते. विषय तोच, दुसऱ्या देशांतले दुष्काळ आपल्या ताटापर्यंत किती दिवसांत पोचतात.

आता हे मी सांगते आहे ते सरळ वाटतं, पण त्या दिवशी पुण्यातल्या दुकानातून रिकाम्या हातानं घरी येताना ते असं ओळीनं आठवलं नव्हतं. आधी आली ती गेली दिवाळी. मी ओट्यावर पणत्या लावत होते, अण्णा बाजेवर. एकाहत्तर वर्षांचे झाले होते, श्वास लागायचा. टपाल सुटून सहा वर्षं झाली होती आणि पुढच्या खोलीत आता गहिनीनाथचं, माझ्या चुलतभावाचं, बियाणं पडलेलं असे. त्यांनी विचारलं, आणि ते इतकं सहज विचारलं की त्यामागे आठ वर्षं आहेत हे मला कळलंच नाही.

“माय, माझ्या त्या चुकीच्या भावानं किती फरक पडला आसंल गं?”

मी पणतीत तेल घालत होते. मनातल्या मनात हिशेब केला. ती सवयच आहे. हजारभर गावांतलं एक, त्यातल्या दहा-बारा वस्तू, दोन वर्षं. मी म्हटलं, “नगण्य, अण्णा. काळजी नका करू.” मला त्यांना मोकळं करायचं होतं. आणि उत्तर बरोबर होतं.

“धरन्याजोगा न्हाई म्हंजी.”

“अजिबात नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मी दुसरी पणती घेतली. मग अंगणातल्या कुठल्यातरी वस्तूकडे बघावं तसं समोर बघत ते म्हणाले, “मग मागून खरा लिवला, त्यानं बी न्हाईच पडला.”

त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. एवढी पुस्तकं वाचली आहेत मी. प्रत्येक गावाचा खरा भाव मिळूनच देशाचा आकडा खरा होतो, असं काहीतरी म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. मी वारा येतोय म्हणून पणतीला हाताचा आडोसा धरला. मार्चमध्ये ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि चहाच्या वेळी उठले नाहीत. तेरा दिवस लोक येत राहिले, मी सगळ्यांना चहा दिला, आणि तेराही दिवस माझ्या कानात माझा तो शब्द होता. गेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द लोक जपतात. माझ्याकडे माझाच होता.

पहिल्या महिन्याच्या श्राद्धाला मी पुन्हा गेले. श्राद्धाला आलेले लोक जेवून गेल्यावर गहिनीनाथ बियाणाची पोती हलवत होता, त्यांच्यामागे टपालाचं जुनं लोखंडी कपाट दिसलं. खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. भावाच्या कागदांच्या घरच्या प्रती. वर पाठवण्याआधी ते एक प्रत घरी ठेवत, मला माहीत होतं, पण मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी गठ्ठा टेबलावर घेऊन बसले. अकरा, बारा, तेराचा मेपर्यंतचा काळ: प्रत्येक वस्तूपुढे एक आकडा, निळ्या शाईत, शाळेतल्या मुलासारखा सुटा सुटा. शेवटचा कागद माझ्या अक्षरातला. आणि जूनपासून प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे. डावीकडे पेन्सिलीत बारीक, उजवीकडे शाईत. जवारी, पेन्सिलीत बावीस, शाईत अठ्ठावीस. तेल, पेन्सिलीत अठ्ठ्याहत्तर, शाईत एक्क्याण्णव. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे. मला समजायला वेळ लागला. वर शाईचा भाव गेला होता. पण दर महिन्याला ते टोपी घालून आधी आश्रुबाकडेच गेले होते. बाकडं पुसलेलं पाहून त्यावर बसले होते, भाव विचारला होता, त्यानं सांगितला तो “बरं” म्हणून ऐकून घेतला होता आणि घरी येऊन पेन्सिलीनं नीट लिहून ठेवला होता. मग छबुबाईकडे. पंधरा सालच्या शेवटच्या कागदापर्यंत एकही महिना चुकला नव्हता. पेन्सिलीचा एकही आकडा खोडलेला नव्हता.

जूनच्या कागदाला टाचणीनं एक पत्र लावलेलं होतं. एका महिन्यात इतकी वाढ कशी, खुलासा करावा. अशी पत्रं मी ओळखते. एखाद्या गावाचा भाव असा उडी मारून आला की आम्ही तो बाजूला ठेवतो. बहुतेक वेळा ती लिहिणाऱ्याची चूक असते. पत्राच्या पाठीवर अण्णांनी उत्तराचा मसुदा केला होता, दोनदा खोडून. शेवटी एकच वाक्य ठेवलं होतं. “यापूर्वीचे भाव खरे होते, परंतु ते फक्त मला लागू होते.” मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. खोलीत धान्याच्या धुळीचा वास होता, त्याखाली कुठेतरी लाखेचा.

दारात सावली पडली. आश्रुबा होता. जेवायला बसला नव्हता, पंगतीत वाढत होता. आता हात धुऊन आला होता आणि छबुबाई टेकायची त्याच उंबऱ्यावर टेकला. पंचावन्नचा असेल, पण बसला तो लहान होऊन.

“आत या की, आश्रुबाभाऊ.”

“बरा हाय हितं.” मग टेबलाकडे बघून, “मास्तरचे कागद?”

“भावाचे.”

त्याचा चेहरा बदलला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “बाई, एक इचारू का? तुमी त्यातल्याच हाव म्हनून. मी मास्तरला कवाच बाजारभाव सांगितला न्हाई. घरापुरतं इचारत्यात आसं वाटायचं. त्यो कागद वर सरकारात जातो, त्यावर सही मास्तरची आसती, हे मला लई मागून कळलं, त्यांचं टपाल सुटल्यावर. तवापास्नं जीव खातंय. माझ्यापाई त्यांना वरनं कुनी बोललं आसंल का? त्यांना कळलं आसंल का? किती नुकसान झालं आसंल?”

नगण्य, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. बरोबर उत्तर होतं ते, दिवाळीत होतं तितकंच बरोबर. मी तो गिळला. मग मी जूनचा कागद उचलून उंबऱ्यापाशी गेले आणि त्याच्या शेजारी खाली बसले.

“आश्रुबाभाऊ, तुम्ही सांगितलेला प्रत्येक भाव अण्णांनी लिहून ठेवलाय. एक सोडला नाही.”

“खरं म्हनता?”

“हे बघा ना.”

त्यानं खिशातून चष्मा काढला, एका बाजूला दोरा बांधलेला. मी कागद त्याच्या गुडघ्यावर धरला. शाईचा आकडा माझ्या अंगठ्याखाली झाकलेला होता. तो वाकला आणि डावीकडचा बारीक आकडा बोटानं चाचपडत वाचू लागला. “जवारी. बावीस. व्हय, व्हय, बावीसच सांगितली हुती मी.” मग कागद जवळ ओढून, “पेन्सिलनं लिवलंय.”

“तुमचे भाव ते पेन्सिलीनंच लिहायचे,” मी म्हटलं. “जपून.”

बाहेर गल्लीतून छबुबाईचा आवाज आला, कुणाला तरी टँकरपाशी झापत होती. आश्रुबानं डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाला, “पुढल्या म्हयन्याचं बघू की, बाई.”

मी पान उलटलं आणि अंगठा पुन्हा त्याच जागी ठेवला.